जबलपूरचा रोहू आणि पहिला रस्सा

जबलपूर म्हटलं की भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा आठवतो. पर्यटक दोन दिवसांत ते पाहून परततात. पण बदलीमुळे इथे राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला शहर खरं कळतं ते बाजारात. किनाऱ्याकडून आलेल्यांना तर मासळी बाजारात! पापलेट, बोंबलांचे वाटे शोधणाऱ्या डोळ्यांना इथे दिसतात रोहू, कटला आणि मृगळ, ज्याला इकडे नरेन म्हणतात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. इथला मासा गोड्या पाण्याचा.

घरी मासे आईच करायची, आपण फक्त ताटावर बसायचो, अशा अनेकांवर स्वतः मासा शिजवायची पहिली वेळ अशा नव्या गावातच येते. माझंही तसंच झालं.

बाजारात काय विचाराल?

नवख्यांनी रोहूपासून सुरुवात करावी. कल्ले लालभडक, डोळे चकचकीत आणि बोटाने दाबल्यावर मांस पुन्हा वर आलं, तर मासा ताजा. "बरगीचा की आंध्रचा?" हेही जरूर विचारा. आंध्र प्रदेशातून बर्फात भरून आलेला मासाही मध्य भारतातल्या बाजारांत विकला जातो.

जबलपूरच्या लष्करी कारखान्यांमुळे आणि रेल्वेमुळे इथे बंगाली कुटुंबंही बरीच स्थायिक झाली. आमच्या शेजारच्या काकूंनी मला एकच मंत्र दिला, "पेटी घे, गादा नको." पेटी म्हणजे पोटाकडचा भाग. त्यातले काटे मोठे असतात, सहज काढता येतात. गादा म्हणजे पाठीकडचा भाग. त्यात इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे दडलेले असतात. घरात मुलं असतील तर पेटीच घ्या आणि त्यांचा घास आधी बोटांनी चाचपून बघा.

वास का येतो?

"नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो," अशी किनाऱ्याकडच्या माणसांची तक्रार असते. गोड्या पाण्यातले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. ते माशाच्या अंगात मुरतं आणि मातीसारखा वास येतो. यावर उपाय आंबटाचा. तुकड्यांना मीठ, हळद आणि लिंबू लावून वीस मिनिटं ठेवा, मग धुवा. वास बराच कमी होतो. आपल्या आज्या माशात चिंच, कोकम घालायच्या. आंबट पदार्थाने वास मारायची रीत नदीच्या माशालाही तितकीच लागू पडते.

पहिला रस्सा

1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्याआधी काही वर्षं इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमलही होता. म्हणून मी रस्सा वऱ्हाडी वळणाचा केला आणि तेल इथलं, मोहरीचं घेतलं.

अर्धा किलो रोहूचे दोन बोटं जाडीचे तुकडे घ्या. मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवा, मग आच कमी करा. तुकडे कोरडे पुसून सोडा आणि हात आवरा. कडा आपोआप सुटल्या की मगच उलटा, नाहीतर मासा तुटतो. दोन्ही बाजू हलक्या सोनेरी झाल्या की बाजूला काढा.

त्याच तेलात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस, धणे आणि आलं-लसूण यांचं वाटण तेल सुटेपर्यंत परता. तिखट, हळद, मीठ, दोन वाट्या गरम पाणी आणि दोन चमचे चिंचेचा कोळ घाला. उकळी आली की तुकडे सोडा. आठ-दहा मिनिटं पुरतात. डाव घालून ढवळू नका, भांडं फडक्याने धरून हलवा. मांस मधल्या काट्यापासून सुटायला लागलं की मासा शिजला. गरम भातासोबत वाढा.

ताटातली नर्मदा

'बरगीचा' म्हणजे कुठला, हे समजून घ्यायला एकदा बरगी धरणावर जाऊन या. नर्मदेवरच्या मोठ्या धरणांपैकी हे सुरुवातीच्या काळातलं, 1990 च्या सुमारास पूर्ण झालेलं. जलाशय सुंदर आहे, पण त्याच्या तळाशी गावं आहेत. मंडला, सिवनी आणि जबलपूर या जिल्ह्यांतली 162 गावं त्याने बाधित झाली. शेती गेलेल्या माणसांनी मग त्याच पाण्यावर पोट भरायचा हक्क मागितला. मोठ्या लढ्यानंतर 1994 मध्ये विस्थापितांच्या सहकारी संघाला इथे मासेमारीचा हक्क मिळाला. कालपर्यंत नांगर धरणारे हात जाळं टाकायला शिकले. त्यांच्यापुढे आपलं स्वयंपाकघरातलं शिकणं ते काय!

मध्य प्रदेशाचा राज्यमासा महाशीर. त्याला वाहतं, स्वच्छ पाणी आणि खडकाळ तळ लागतो. नर्मदेत तो पूर्वी भरपूर होता. धरणांनी पाणी थांबलं आणि तो विरळ झाला. जलाशयात सोडलेले रोहू-कटला मात्र वाढले. आपल्या पातेल्यात कोणता मासा येणार, हे असं नदीने आणि माणसाने मिळून ठरवलेलं असतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. 16 जून ते 15 ऑगस्ट हा माशांच्या विणीचा काळ. तेव्हा राज्यात नदी-जलाशयांतली मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ग्वारीघाटावर जा, कणकेच्या गोळ्या पाण्यात टाका आणि वर झेपावणारे मासे मुलांना दाखवा. रस्सा श्रावणानंतरही करता येईल.