खाडीकाठच्या गावात, बॅटरीच्या भरवशावर

मे महिन्याची सुटी लागली की आमची पावले खालाच्या गावाकडे वळतात. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरायचा, माणगावला चहा घ्यायचा आणि म्हसळा मागे टाकून राजपुरी खाडीच्या अंगाने जाणारा अरुंद रस्ता धरायचा. हीच खाडी पुढे जंजिऱ्यापाशी समुद्राला मिळते. गावात आंबा, फणस, सुपारी, एक जुनी मशीद आणि निम्म्या घरांना कुलूप. माणसे कुवेतला, कतारला, नाहीतर मुंबईला. पण उघड्या असोत की बंद, बहुतेक घरांच्या पडवीत एक वस्तू हटकून दिसते. लाकडी पाटावर ठेवलेली बॅटरी आणि तिच्या वर इन्व्हर्टर.

ही वस्तू घरोघरी कशी आली, हे गावात कोणालाही विचारा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले, कौले उडाली. गावात वीज परत यायला महिना उलटून गेला. पंप बंद, फोन बंद, परदेशातल्या मुलांना ‘आम्ही बरे आहोत’ एवढे कळवायचीही सोय नाही. त्यानंतर ज्याने त्याने पैसे पाठवले ते आधी पत्र्यांसाठी आणि मग इन्व्हर्टरसाठी.

खालाची गरज याहून मोठी. तरुणपणी चुलीचा धूर खाल्लेली तिची छाती आता साथ देत नाही. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचे मशीन लावायला सांगितले आहे. दोन वर्षांपूर्वी खालूंनी पंधरा हजारांची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी घेतली. विकणाऱ्याने सांगितले, “बिनधास्त राहा, रात्रभर चालेल.”

आम्ही पोहोचलो त्याच्या तिसऱ्या रात्री, इशाच्या नमाजनंतर, वळवाचा पाऊस वाऱ्यासकट आला आणि साडेनऊला वीज गेली. इन्व्हर्टर चालू झाला. मशीनची घरघर पुन्हा सुरू झाली. आम्ही निवांत गप्पा मारत बसलो. वीस मिनिटांनी इन्व्हर्टर पीं-पीं करू लागला आणि पाठोपाठ मशीन थांबले. खाला उठून बसली. कोपऱ्यात छोटा सिलिंडर होता, पण त्यात किती उरले आहे हे कोणालाच माहीत नव्हते. खालूंनी तो सुरू केला. काटा लाल पट्ट्याला टेकलेला.

मामेभाऊ मोटारसायकलवर म्हसळ्याला सिलिंडर आणायला निघाला. वाटेत झाड पडलेले असेल तर किती वेळ लागेल, सांगता येत नव्हते. तेवढ्यात मशिदीत अजान देणारे बांगीसाहेब छत्री घेऊन आले. सगळे ऐकून म्हणाले, “मशिदीची बॅटरी काढून आणू. चला.”

पन्नास किलोंहून जड ती बॅटरी आम्ही चौघांनी हातगाडीवर घालून चिखलातून आणली. बांगीसाहेबांनी तारा बदलल्या, लाल तार अधिकला, काळी उण्याला, आणि मशीन पुन्हा घरघरू लागले. मग ते आम्हा मास्तर लोकांना हिशेब समजावू लागले. “हे मशीन साडेतीनशे वॅटचे. बॅटरीतून पस्तीस अँपिअरच्या आसपास ओढणार. दीडशेला पस्तिसाने भागले तर चार तास येतात. पण जोरात उपसली की बॅटरी तेवढे देत नाही. तीन तास धरा. रात्रभर नाही.”

बाराच्या सुमारास मामेभाऊ भरलेले सिलिंडर घेऊन आला. बॅटरी अजून चालत होती. वीज आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी.

मशिदीची बॅटरी पाच वर्षांची आणि खालाची दोन. मग असे का? सकाळी बांगीसाहेबांनी खालाच्या बॅटरीची झाकणे उघडली. आतल्या पट्ट्या पाण्याच्या वर उघड्या पडलेल्या. आम्ही विचारले, “पाणी घातले नव्हते का?” खाला म्हणाली, “घातले ना! आपल्या विहिरीचे. किती गोड पाणी आहे!”

त्या गोड पाण्यानेच घात केला होता. विहिरीच्या पाण्यातले क्षार पट्ट्यांवर बसतात. बॅटरीला लागते ते डिस्टिल्ड पाणी, म्हसळ्यात कुठल्याही गॅरेजमध्ये मिळणारे. दुसरे कारण व्होल्टेजचे. गाव लाइनच्या टोकाला. संध्याकाळी सगळीकडे पंखे लागले की व्होल्टेज पडते. इन्व्हर्टरवर चार्जिंगचा दिवा लागलेला दिसतो, पण बॅटरी काठोकाठ भरत नाही. अर्धवट भरलेली बॅटरी तशीच राहिली की पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि तिची ताकद कायमची जाते. बंद घरांतल्या बॅटऱ्या अशाच मरतात, न वापरता.

बांगीसाहेब दर महिन्याला पाण्याची पातळी बघतात आणि काचेच्या नळीचा हायड्रोमीटर बुडवतात. काटा साडेबाराशेच्या आसपास असला की बॅटरी भरलेली. मशिदीच्या बॅटरीत तो तिथे असतो. खालाच्या बॅटरीत अकराशेच्याही वर चढेना.

आम्ही वहीत हिशेब मांडला. ही बॅटरी पूर्ण रिकामी झाली तर भरायला, वाया जाणारी धरून, अडीच युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे वीस-पंचवीस रुपये. चार्जिंगचा खर्च म्हणून आपण हाच धरतो. खरा खर्च बॅटरीच्या आयुष्याचा. पंधरा हजारांची बॅटरी पाच वर्षे टिकली तर महिन्याला अडीचशे रुपये पडतात. वीस महिन्यांत गेली तर साडेसातशे. मधला फरक डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीचा आणि महिन्यातल्या दहा मिनिटांचा.

शेजारचे चाचा कुवेतहून परतले आहेत. त्यांनी सरकारी अनुदान घेऊन छतावर तीन किलोवॅटचे सोलर बसवले. २०२४ पासून घरगुती सोलरला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. बिल जवळजवळ शून्यावर आले, पण त्या रात्री त्यांचे घरही अंधारात होते. दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून साधे सोलर लाइन गेली की आपोआप बंद होते, भर उन्हातसुद्धा. त्याला बॅटरीची जोड हवी, आणि तसा इन्व्हर्टरही आधीच घ्यावा लागतो. तरीही कोकणात जुलैचे ढग दाटले की पॅनल फारसे देत नाही, आणि वीज जास्त जाते ती नेमकी तेव्हाच. एका सोयीवर इथे भरवसा ठेवता येत नाही.

निघण्याआधी खालूंनी नवी बॅटरी घेतली. बॅटरी चुलीपासून दूर, हवेशीर पडवीत ठेवली, कारण चार्ज होताना तिच्यातून निघणारा वायू पेट घेऊ शकतो. भरलेले दोन सिलिंडर कोपऱ्यात उभे केले. कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक तारखेला आमच्या मुलीने ‘पाणी’ लिहिले आणि विहिरीजवळच्या भिंतीवर खडूने ‘बॅटरीसाठी नाही’. ते वाचून खाला खूप हसली.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या पहाटे मशिदीची बॅटरी आमच्या पडवीत होती, त्यामुळे भोंगा बंद होता. बांगीसाहेबांनी मशिदीच्या पायरीवर उभे राहून नुसत्या गळ्याने फजरची अजान दिली. पाऊस थांबला होता. आम्हाला ती घरात स्पष्ट ऐकू आली.