बिनछऱ्याचा बार

ठासणीच्या बंदुकीचा बार काडतुसाच्या बारासारखा नसतो. काडतूस कोरडं, तुटक वाजतं. ठासणीचा बार धडाडतो, डोंगरावर आपटतो आणि व्हाळाच्या कडेकडेनं घुमत दूर जातो. मागे पांढरट, दाट, गंधकाच्या वासाचा धूर रेंगाळतो. सिंधुदुर्गातल्या आमच्या पिढीनं भाद्रपद-आश्विनातल्या रात्री हा आवाज ऐकतच झोप काढली. भात पोटरीला आलं की रानडुकरं खाली उतरायची. एका वाडीतून बार निघाला की थोड्या वेळानं पलीकडच्या वाडीतून दुसरा यायचा, आणि घरातल्या बाया नुसत्या आवाजावरून सांगायच्या, आज कुणाची राखण जागी आहे ते.

बंदूक भरणं हे आजोबांचं काम. तिथे घाई चालत नसे. आधी नळी कोरडी असल्याची खात्री. मग शिंगातली काळी दारू, तिच्यावर नारळाच्या सोडणाचा काथ्या, आणि गजानं बेताची ठासणी. गज नळीबाहेर किती उरला हे ते बोटं लावून बघत, तेवढ्यावरून आतला भरणा त्यांना कळे. केप अगदी शेवटी, माळ्यावर बसल्यावर. केप लावलेली बंदूक घेऊन चालायचं नाही, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

या केपेमागे एका पाद्र्याची चिडचिड आहे. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्साइथला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीत ठिणगी आधी दिसे, बार मागाहून निघे, तोवर पक्षी उडून जात. म्हणून त्यानं ठोक्यासरशी पेटणाऱ्या मिश्रणाचा उपाय शोधला आणि 1807 साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे त्यातूनच तांब्याची इवलीशी केप आली. कोकणातल्या भर पावसात चकमक काय कामाची? केप मात्र चाले.

भरताना आजोबा बहुतेक वेळा छर्रे घालतच नसत. लहानपणी मला हे फार खटके. एवढी बंदूक, एवढा थाट आणि आत नुसती दारू आणि काथ्या! विचारलं तर म्हणायचे, “बार मारूक नसता झिला, ऐकवूक असता.” डुकराला माणूस जागा आहे एवढं कळलं की पुरे. राखण म्हणजे शिकार नव्हे, हे त्यांच्या मनात स्वच्छ होतं. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यानं त्यांच्या रात्रींत काही फरक पडला नाही. शिकारीच्या गोष्टी रंगवून सांगणारे लोकही गावात होते, पण त्यांची मला आठवण येत नाही. मला आठवते ती पिकाजवळ जागणारी माणसं.

सकाळी खरं कष्टाचं काम असे. काळी दारू पुरती जळत नाही. तिचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपातच उरतो. थोडा धुरावाटे जातो, बाकीची काजळी नळीत बसते. ही काजळी हवेतला ओलावा ओढून घेते, आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा! एक दिवस आळस केला तर लोखंडाला तांबेरा धरे. म्हणून चुलीवरचं कढत पाणी नळीत ओतायचं, चिंध्या फिरवायच्या, वाळलं की खोबरेल. दारू सादळू नये म्हणून घट्ट बुचाच्या बाटलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची. दसऱ्याला कोयती, विळे, नांगराचा फाळ यांच्या शेजारी बंदुकीलाही झेंडूचं फूल मिळे. ती शेतीचंच अवजार होती.

जगानं ही दारू केव्हाच मागे टाकली होती. फ्रान्समध्ये पॉल व्हिएलनं 1884 मध्ये बिनधुराची दारू तयार केली आणि थोड्याच वर्षांत सैन्यांनी काळ्या दारूचा नाद सोडला. अमेरिकेत 1873 च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची काडतुसं काही हौशी माणसं आजही काळी दारू घालून घरी भरतात. मूळच्या .45 काडतुसात 40 ग्रेन दारू मावे. त्यांना तो जुना धूर आणि तो दणका हवा असतो. मला त्यांची हौस समजते. आमच्याकडे मात्र हे हौसेनं टिकलं नव्हतं. काडतूस विकत घ्यावं लागे. नळीत किती भरायचं आणि काय भरायचं नाही, हे ठासणीवाल्याच्या हातात राही.

कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. 2019 च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत 3 वर्षांवरून 5 वर्षांवर गेली, हेही बरं झालं. पण निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान 2009, 2014 आणि 2019 मध्ये ऑक्टोबरात झालं, 2024 मध्ये 20 नोव्हेंबरला. हळवं भात कापणीला येतं, गरवं लोंब्यांनी वाकतं, ते हेच दिवस. नेमकी तेव्हाच राखणदाराची बंदूक ठाण्यात असते.

आता माळे उरले नाहीत. आजोबा गेले की मुलगा मुंबईहून येऊन परवाना आपल्या नावावर करायच्या खटपटीत कशाला पडेल? बंदूक जमा होते, शेत पडीक पडतं, डुकरं अंगणाच्या गडग्यापर्यंत येतात. दिवसा वानरं नारळ पाडतात. ज्यांनी शेती सोडलेली नाही त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पाइपची कार्बाइडची तोफ आली आहे. आवाज मोठा, खर्च थोडा, परवान्याची कटकट नाही. पण ती भरायला शिकवणारं कुणी नाही. वाजली नाही की माणूस वाकून आत बघतो, आणि मग डोळा जातो. हे पाइप दिवाळीत पोरांच्या हातीही जातात. ठासणीची बंदूक वाजली नाही तर तोंड रानाकडे धरून वाट बघायची, नळीत डोकवायचं नाही, हे आम्हांला बंदुकीला हात लावू देण्याआधी शिकवलं होतं.

परवानाधारकांपैकी कुणाची शस्त्रं जमा करायची हे निवडणुकीच्या वेळी छाननी समिती ठरवते. सातबारा, उभं पीक आणि स्वच्छ नाव असलेल्या राखणदाराला तिनं कापणी होईपर्यंत वगळावं, एवढंच माझं मागणं आहे. आमच्या वाडीत अशी माणसं आता फार थोडी उरली आहेत.