इतर हक्कांचा रकाना

जमिनीची खरेदी होण्यापूर्वी तिच्या पोटात काय मुरले आहे याची तपासणी करणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे अंबरनाथ येथील, वालधुनीच्या काठालगतच्या एका बंद कारखान्याच्या भूखंडाचे काम माझ्याकडे आले, तेव्हा रिवाजाप्रमाणे मी प्रथम दप्तर उघडले. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, बिनशेतीचा हुकूम, सारे यथास्थित होते. कोणत्या साली कोणाचा बोजा चढला आणि केव्हा उतरला याच्या नोंदी बिनचूक होत्या. मात्र कारखान्याच्या डिझेलच्या भूमिगत टाकीचा त्यांत कोठेही उल्लेख नव्हता.

तिचा ठावठिकाणा सांगितला तो शेजारच्या चाळीतील, त्याच कारखान्यात हयात घालविलेल्या एका वृद्ध फिटरने. "काका, टाकी बाहेर काढली केव्हा?" असे विचारताच ते म्हणाले, "काढली कुठं साहेब? वरून मुरूम लोटला नि मोकळे झाले." आणि लगेच चप्पल घालून जागा दाखवायला निघाले.

तेथे विंधनयंत्र लावले, तेव्हा काळा पाषाण लागण्यापूर्वीच, ओलसर मुरमाबरोबर डिझेलचा उग्र दर्प वर आला. नमुन्याच्या काचेच्या कुप्या काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडाही न ठेवता, बर्फात ठेवाव्या लागतात. कारण बेंझिनसारखी द्रव्ये हवा मिळताच उडून जातात आणि प्रयोगशाळेच्या दाखल्यात जमीन निर्दोष ठरते. डिझेल पाण्याहून हलके. भूजलावर त्याचा तवंग तरंगतो, उन्हाळ्यात पाण्याबरोबर खाली जातो, पावसाळ्यात वर चढतो आणि या चढउतारात मधली सारी माती माखून टाकतो. ज्या जातीच्या पाषाणातून येथील शिवालय शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, उभे राहिले, तो अभेद्य असावा असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः त्याच्या भेगांतूनच पाणी वाहते, आणि त्याच वाटेने तेलही जाते. म्हणून चाळीच्या विहिरीचा नमुना घेण्याची परवानगी मी आग्रहाने मागून घेतली. तिच्याही पाण्यात डिझेलचा अंश निघाला, तेव्हा अहवालाची वाट न पाहता मी चाळीत गेलो आणि ते पाणी पिण्यास व स्वयंपाकास वापरू नका असे घरोघर सांगितले.

२०१४ च्या नोव्हेंबरात वालधुनीत टँकरमधून रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरात शेकडो माणसे श्वासासाठी तडफडली, तेव्हा साऱ्या प्रांताचे लक्ष इकडे वेधले गेले. परंतु जे विष सावकाश आणि भूमीखालून चालते, त्याचा पंचनामा कोणी करीत नाही. २०२५ साली केंद्र सरकारने प्रदूषित स्थळांविषयी नियम केले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि अशा प्रत्येक जागेचा शेरा सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात चढला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. माझा अहवाल पैसे देणाऱ्या खरीददाराच्या कपाटात जातो. सातबारा मात्र चाळीतला कोणीही तलाठ्याकडे मागू शकतो.