सैल कान

"काका, रागावू नका," असं म्हणत तो दारात उभा राहिला. त्याच्या एका खांद्यावर माझी गोल्फची बॅग होती आणि हातात टॉवेलची गुंडाळी. त्याने ती उलगडली. आत माझ्या सेव्हन आयर्नचं डोकं होतं. दांडा बॅगेतच होता, बाकीच्या क्लबांमध्ये एकटा बोडका.

तो आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतो. त्याच्या कंपनीची स्पर्धा येरवड्याच्या मैदानावर होती. स्वतःचा सेट नव्हता, म्हणून आदल्या संध्याकाळी त्याने माझा मागितला आणि मी दिला. पंधराव्या होलवर फटका मारताना डोकं दांड्यावरून निसटलं आणि पुढच्या गवतात जाऊन पडलं. हे सांगताना त्याचा आवाज कापत होता. खिशातून त्याने एक पाकीट काढलं आणि नवीन आयर्नची किंमत होईल एवढे पैसे माझ्यासमोर ठेवले.

"असू दे," मी म्हणालो. पण ते ज्या सुरात म्हणालो त्या सुराला क्षमा म्हणत नाहीत. आणि पाकीट मी ठेवून घेतलं.

गोल्फमध्ये खेळाडूला बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवता येतात. या चौदांपैकी एखादा असा असतो की अवघड जागी हात आपोआप त्याच्याकडे जातो. माझा तो सेव्हन आयर्न. मी खेळ शिकलो तो याच क्लबवर. पहिल्या वर्षी सरावाला दुसरा क्लब हातात धरायला मिळाला नव्हता. त्याच्या पात्यावर मधोमध रुपयाच्या नाण्याएवढा भाग घासून निराळा चमकतो. हजारो चेंडू तिथे लागलेत. त्यामुळे टॉवेलमधलं ते डोकं बघताना मला एकच प्रश्न सुचत होता: हे मोडलं कोणी?

या खेळाचे नियम मात्र वेगळं विचारतात.   फेरीत एखादा क्लब मोडला, तर तो कसा मोडला हे पाहिलं जातं. १९८७च्या रायडर कप या गोल्फ स्पर्धेत बेन क्रेनशॉ या खेळाडूने रागाच्या भरात स्वतःचा पटर, म्हणजे चेंडू अलगद होलात ढकलण्याचा क्लब, मोडला. त्या दिवशी त्याला दुसरा पटर घेता आला नाही. उरलेले पट त्याने आयर्न आणि वेजने मारले आणि सामना गमावला. २०२३पासून नियम सौम्य झाला आहे. क्लब खराब झाला तर दुरुस्त करता येतो, बदलताही येतो. बदलण्याला अट एकच, खेळाडूने त्याचे हाल केलेले नसावेत. म्हणजे रागाने आपटलेला क्लब आणि साध्या फटक्यात तुटलेला क्लब यांत नियमांनी फरक केला. मला तो फरक करावासाच वाटला नव्हता.

दोन दिवसांनी कॅम्पात क्लब दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी दांडा उजेडात धरला. दांडा शाबूत होता. न वाकलेला, न चिरलेला. मग डोक्याच्या पोकळीतून नख फिरवलं तर जुन्या चिकटद्रव्याचा पिवळा भुगा निघाला. दांड्यावरचा काळा प्लॅस्टिकचा कॉलर दाखवून ते म्हणाले, "हा बघा किती वर सरकलाय. एका फटक्यात होत नाही हे. बरेच दिवस सुटत आलं असणार. बॅग गाडीच्या डिकीत ठेवता का?"

ठेवतो. मार्चपासून जूनपर्यंतसुद्धा. पुण्याच्या उन्हात बंद डिकी भट्टीसारखी तापते आणि अशा उष्णतेने डोकं चिकटवणाऱ्या इपॉक्सीची पकड सैल होत जाते.

"खेळताना आवाज येत नव्हता?" त्यांनी विचारलं.

येत होता. गेले तीन-चार आठवडे चेंडूला क्लब लागताना 'टक्' असा एक बारीक आवाज येत होता. कॉलर आणि डोकं यांच्यामध्ये नखाएवढी फट दिसू लागली होती. एकदा बोट लावूनही पाहिलं होतं. दुरुस्त करून घेऊ पुढच्या आठवड्यात, असं म्हणून बॅगेची चेन ओढली होती. आणि त्या संध्याकाळी तीच बॅग उचलून त्याच्या हातात दिली होती. म्हणालो काय, तर "जपून वापर हं."

घरी येऊन भारतीय करार कायदा काढला. १८७२चा हा कायदा दुसऱ्याच्या ताब्यात दिलेल्या वस्तूंबद्दल सविस्तर बोलतो. कलम १५१ म्हणतं, दुसऱ्याच्या वस्तूची तितकी काळजी घ्या जितकी सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो. हे मला माहीत होतं. घेणाऱ्याचं कर्तव्य प्रत्येकालाच माहीत असतं. कलम १५० मात्र देणाऱ्याविषयी आहे. वस्तूतला जो दोष आपल्याला ठाऊक आहे आणि ज्याने घेणाऱ्याला धोका होऊ शकतो, तो देणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. वस्तू फुकट दिली असली तरी. कायद्यातलं उदाहरण घोड्याचं आहे. घोडा खोडकर आहे हे माहीत असून मालकाने तो न सांगता दिला, घोडा उधळला, स्वार पडून जखमी झाला, तर जबाबदारी मालकाची.

हे वाचताना पहिल्यांदा पंधराव्या होलचं चित्र डोळ्यांसमोर आलं. पोलादाचं डोकं हवेतून जातंय. बाजूला कॅडी उभा असणार, पुढे कोणी चालत असेल. मी दोन दिवस घासलेल्या पात्यासाठी हळहळत होतो.

मग आईची कढई आठवली. गावाकडे आमच्या घरी एक भली मोठी कढई होती. गल्लीतल्या कुठल्याही कार्याला ती जायची. तिच्यावर, आमच्या सगळ्या भांड्यांवर, आजोबांचं नाव कोरलेलं होतं. भांडी घराबाहेर जाणार हे गृहीत धरूनच ते कोरलेलं असायचं. परत येताना भांडं रिकामं यायचं नाही. दोन लाडू, मूठभर शेव, काही नाही तर साखर तरी असायचीच. पण मला आठवला तो आईचा दारातला आवाज. कढई उचलून देताना ती प्रत्येक वेळी सांगायची, "डावा कान सैल आहे हो. तेल तापलेलं असताना कानाला धरून उचलू नका." नेणारी बाई दहाव्यांदा नेत असली तरी आई सांगायचीच. कढई जप, असं मात्र ती कोणाला म्हणाल्याचं आठवत नाही.

त्याच संध्याकाळी पाकीट घेऊन खाली गेलो. त्याने दार उघडलं. "क्लब आधीच सुटत आला होता," मी म्हणालो. "मला माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही. कोणाला लागलं असतं तर दोष माझा असता. पैसे परत घे, आणि त्या दिवशी मी जसं बोललो त्याबद्दल मला माफ कर." तो गडबडला. "काका, अहो असं काय..." त्याची आई आतून बाहेर आली. मी पुन्हा एकदा सगळं सांगितलं, तिच्यासमोर.

दिवाळीनंतर त्याला पुन्हा सेट हवा होता. या वेळी जमिनीवर सतरंजी टाकून आम्ही दोघं बसलो आणि मी एकेक क्लब बाहेर काढला. सेव्हन आयर्न नव्याने चिकटवलाय, बिनधास्त मार. नाइन आयर्नची ग्रिप गुळगुळीत झालीये, हाताला घाम आला की फिरते. ड्रायव्हरच्या दांड्यावर हा ओरखडा आहे, तो वाढलेला दिसला तर वापरू नकोस. तो नीट ऐकत होता, बोट फिरवून बघत होता.

रविवारी रात्री बॅग परत आली. सगळे क्लब पुसलेले, माती काढलेली. दारातून वळता वळता तो थांबला आणि म्हणाला, "काका, फाइव्ह आयर्नमधूनही आता तसाच टक् आवाज येतोय. मी दुसऱ्या होलनंतर बॅगेतच ठेवला. तुम्हीही वापरू नका, आधी दाखवून घ्या."

भांडं रिकामं परत आलं नव्हतं.