अण्णा आणि हायरूलचे डोंगर

उन्हाळ्याची सुट्टी संपून कॉलेज उघडले, की पहिले आठ दिवस आमच्या स्टाफरूममध्ये एकच विषय चालतो : कोण कुठे जाऊन आले. अर्थशास्त्राचे प्राध्यापक अकरा दिवसांत सात देश उरकून आलेले असतात. रसायनशास्त्राच्या बाई केदारनाथचा प्रसाद पुडीत बांधून सगळ्यांना वाटत असतात. यंदा फिरत फिरत प्रश्न माझ्यापाशी आला. "काय मराठी विभाग, तुम्ही कुठे?"

"हायरूल," मी म्हणालो.

क्षणभर सगळे गप्प. भूगोलाच्या प्राध्यापकांना ठाऊक नाही असे गाव पृथ्वीच्या पाठीवर नसावे, अशी आम्हा सर्वांची समजूत आहे. ते म्हणाले, "हिमाचलात ना? कुलूच्या वरच्या अंगाला?"

मी मान डोलावली. त्या खोट्याची भरपाई म्हणून हा लेख.

हायरूल हिमाचलात नाही. ते पृथ्वीवरच नाही. एका व्हिडिओ गेममधले ते राज्य आहे, आणि तिथे मी सुट्टीभर रोज रात्री जेवण झाल्यावर दोन-दोन तास पायी हिंडत होतो. वयाची ४६ वर्षे पार केलेला, मुलांना ज्ञानेश्वरीतले दृष्टांत समजावून सांगणारा मनुष्य असल्या नादाला कसा लागला, हे आधी सांगितल्यावाचून पुढची वर्णने वाचकांच्या गळी उतरायची नाहीत.

मार्चमध्ये माझा भाचा शिक्षणासाठी जर्मनीला गेला. विमानात न्यायच्या सामानाचे वजन ठरलेले. तेव्हा आईने केलेल्या लाडवांचा डबा आत गेला आणि खेळाची दोन यंत्रे बाहेर राहिली : एक निन्टेन्डो स्विच आणि एक प्लेस्टेशन ४. ती खोक्यात भरून तो आमच्याकडे आला. "मामा, सांभाळ. आणि नुसती धूळ खात ठेवू नकोस. खेळून बघ."

फोनवर त्याच्याशी बोलायला काही विषय असावा, एवढ्याच हेतूने मी खोके उघडले. 'द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' नावाचा २०१७ सालचा खेळ यंत्रात आधीच होता. त्याचा नायक लिंक हा तरुण शंभर वर्षांच्या झोपेतून एका गुहेत जागा होतो, बाहेर येतो आणि कड्याच्या टोकाशी उभा राहतो. समोर सगळे राज्य पसरलेले : जंगल, नद्या, धुमसता ज्वालामुखी, लांबवर बर्फाची रांग. यातली गंमत अशी, की हे मागे टांगलेले चित्र नव्हे. जो डोंगर दिसतो, तिथवर चालत जाता येते, आणि बहुतेक कोणताही कडा हातापायांनी चढता येतो. अर्थात हे मला पुढे कळले. पहिले तीन दिवस माझा लिंक, शिक्षा झालेल्या मुलासारखा, भिंतीकडे तोंड करून उभा होता. कारण कोणत्या अंगठ्याने चालायचे आणि कोणत्याने बघायचे, याचा मेळ मला बसत नव्हता.

चौथ्या रात्री मागून आवाज आला, "डावीकडून जा. उजवीकडे नुसता सुटा कातळ आहे."

अण्णा वर्तमानपत्राच्या आडून बघत होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७८. पोस्टात नोकरी केली आणि चाळीस वर्षे रविवार डोंगरात घालवले. सह्याद्रीतल्या कोणत्या गडावर पाण्याची टाकी कुठे आहेत, हे त्यांना आमच्या वाढदिवसांपेक्षा अधिक पक्के पाठ. आता दोन्ही गुडघे गेले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. दीड वर्षात ते दोनदाच खाली उतरले, तेही खुर्चीत बसून, दवाखान्यात जाण्यासाठी. पूर्वी त्यांच्या खिडकीतून सिंहगड दिसायचा. समोर इमारत उठली, तेव्हापासून पाण्याची टाकी दिसते.

मी डावीकडून गेलो. वाट होती.

त्या रात्रीपासून आमचा क्रम ठरला. अंगठे माझे, डोळे अण्णांचे. हायरूलमध्ये पाऊस आला की खडक निसरडे होतात. लिंक चार हात चढतो आणि दोन हात घसरतो. तेवढ्यात त्याच्या दमाचे हिरवे वर्तुळ सरते आणि तो खाली कोसळतो. मी हट्टाने पुन्हा पुन्हा चढत होतो. अण्णा म्हणाले, "पावसात कातळाला हात लावायचा नाही. कपारीत थांब. पाऊस कुठे जातोय?" मी थांबलो. दहा वर्षांचा अनुभव असल्यासारखा पाऊस थांबला आणि आम्ही चढून गेलो.

पुढे एकदा मोकळ्या माळावर वादळाने गाठले. लिंकच्या पाठीवरच्या तलवारीतून ठिणग्या उडू लागल्या. "अरे, लोखंड खाली टाक!" अण्णा एवढ्या मोठ्याने ओरडले, की स्वयंपाकघरातून ही धावत आली. तिला वाटले, घरात शॉर्टसर्किट झाले. लोखंड टाकायला मी उशीर केला. वीज पडलीच.

पाण्यावरून मात्र अण्णांनी हायरूलला शेवटपर्यंत क्षमा केली नाही. लिंक सफरचंदे खातो, रानातली आळंबी कढईत परतून खातो, परंतु पाण्याचा घोट काही घेत नाही. "बिनपाण्याचा प्रवासी!" अण्णा म्हणाले. "राजगड चढून गेलं की आधी पद्मावती तळ्याशी जायचं असतं. हा काय खातो नि तहानच लागत नाही?"

मी भाच्याला हे फोनवर सांगितले. तो पोट धरून हसला आणि मग त्याने एक माहिती दिली. या खेळाचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी हे क्योटोचे. निन्टेन्डोचे गावही तेच. १८८९ साली तिथे ती पत्ते करणारी कंपनी म्हणून सुरू झाली. हायरूलमधली अंतरे ठरवताना फुजिबायाशींनी आपल्या शहराचा नकाशा त्यावर ठेवून पाहिला. ओळखीच्या एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला किती वेळ लागतो, हे अंगवळणी पडलेले होते. त्या मापाने राज्य आखले. १९८६ साली या मालिकेचा पहिला खेळ आला, त्यामागेही क्योटोजवळच्या सोनोबे गावात शिगेरु मियामोतो यांनी लहानपणी केलेली भटकंती होती. गुहेत कंदील घेऊन शिरल्याची आठवण त्यांनी स्वतःच सांगितली आहे.

अण्णांनी हे शांतपणे ऐकून घेतले. "तरीच," ते म्हणाले. "हे चाललेल्या माणसाचं काम आहे."

मग आम्ही दुसरे यंत्र लावले आणि जपानलाच गेलो. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा २०२० सालचा खेळ. त्सुशिमा हे बेट मात्र खरे आहे : जपान आणि कोरिया यांच्या मधल्या सामुद्रधुनीत, नागासाकी प्रांतात. १२७४ साली मंगोल आरमार तिथे उतरले, त्या काळात हा खेळ घडतो. नायक जिन साकाई कल्पित. इथे वाट दाखवायला पाटी नाही की बाण नाही. वाट वारा दाखवतो. ज्या दिशेला गवत झुकेल, ती आपली दिशा. अण्णांना हे फार आवडले. लढाया त्यांना नको होत्या. तलवारी निघाल्या, की ते पुन्हा वर्तमानपत्र वर करीत, आणि "झालं का?" असे आतूनच विचारीत.

माझ्यातला मास्तर इथे जागा झाला. जिन अधूनमधून तळ्याकाठी बसून हायकू रचतो. समोरच्या देखाव्यातून आपण एकेक ओळ निवडायची. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हा प्रकार मी वर्गात आवडीने शिकवतो. म्हणूनच सांगणे भाग आहे, की १२७४ साली हायकू नव्हता. बाशो सतराव्या शतकातला, आणि 'हायकू' हे नाव रूढ झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. ते सगळे खरे. पण १२७४ म्हटल्यावर माझ्या मनात दुसरेच आले. परंपरेनुसार ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा. त्सुशिमाच्या किनाऱ्यावर गलबते लागली तेव्हा इकडे देवगिरीवर रामदेवराय राज्य करीत होता आणि आपली भाषा ज्ञानेश्वरीची वाट पाहत होती. इतकी वर्षे मी हे साल पाठ सांगत आलो. त्या साली जगात दुसरीकडे वारा कुठल्या दिशेने वाहत होता, हा विचार कधी शिवला नव्हता.

या खेळाने खऱ्या बेटाचेही थोडे देणे फेडले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये वादळाने तिथल्या वाताझुमी देवस्थानाची तोरी, म्हणजे प्रवेशकमान, पडली. ती उभारायला ५० लाख येन हवे होते. जमले २ कोटी ७० लाखांच्या वर. देणाऱ्यांत हा खेळ खेळलेले पुष्कळ होते. पुढे २०२१ साली खेळाच्या दोन दिग्दर्शकांना त्सुशिमाने आपले पर्यटनदूत नेमले. ज्या भूमीवर आपण खोटेखोटे चाललो, तिच्यासाठी खरा पैसा काढून द्यावासा वाटतो, तर ते चालणे अगदीच खोटे कसे म्हणावे?

"आपल्याकडचं काही नाही का यात? राजगड वगैरे?" अण्णांनी विचारले. राजगड नव्हता. पण 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' हा २०२० सालचा खेळ निघाला, आणि तो पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी केलेला, हे कळल्यावर अण्णा सरसावून बसले. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते. राजस्थानी धाटणीचे महाल, भिंतीवरची चित्रे, कळसूत्री छायांतून सांगितलेल्या पुराणकथा, सारेच देखणे. फक्त नजर आपल्या हाती नाही. खेळ दाखवील तेवढेच दिसते. "गड चांगला आहे," अण्णा म्हणाले, "पण मान वळवून बघू देत नाहीत."

शेवटी 'जर्नी' लावला. २०१२ सालचा हा छोटासा खेळ, दोनेक तासांत संपणारा. वाळवंट, दूर एक प्रकाशणारे शिखर, आणि झगा घातलेला एक यात्रेकरू. एक शब्द बोलायचा नाही. मधेच वाळूतून तशीच दुसरी आकृती आली.

"हा कोण?"

"खराच कोणीतरी माणूस. त्याच्या घरी बसून खेळतोय. कुठल्या देशातला, ठाऊक नाही."

"बोलता येत नाही त्याच्याशी?"

"नाही. फक्त एक हाक देता येते."

मी हाक दिली. त्याने दिली. पुढे बर्फाचा चढ लागला, वाऱ्याने मी दोनदा मागे फेकला गेलो. तो अनोळखी सोबती दोन्ही वेळा खडकाच्या आडोशाला थांबून राहिला. पुढे गेला नाही.

अण्णा बराच वेळ पडद्याकडे बघत होते. "थांबला," ते म्हणाले. "चांगला माणूस आहे."

मला बोलवेना. मी दहा वर्षांचा असताना अण्णा मला राजगडावर घेऊन गेले होते. चोरदरवाज्याच्या खालच्या कातळावर माझे पाय गळाले. खालची दरी दिसली आणि मी रडू लागलो. बरोबरचे सगळे वर गेले. अण्णा माझ्याशेजारी तासभर त्या कातळावर बसून राहिले. मग हाताला धरून त्यांनी मला खाली आणले. रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. पुढच्या रविवारी पहाटे बूट घालता घालता त्यांनी विचारले, "येतोस?" मी पुस्तक पुढे ओढले. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही, आणि मीही कधी येतो म्हणालो नाही. मी पुस्तकांत वाढलो, ते डोंगरांत म्हातारे झाले. एकाच घरात.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही हायरूलला परतलो. तिथे मधून नदी गेलेला, उभा चिरलेला एक जुळा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर पोहोचलो तेव्हा तिथली मध्यरात्र होती. मी लाकडे टाकून शेकोटी पेटवली. शेकोटीशी बसून 'सकाळ' निवडली, की तत्काळ उजाडते.

"तत्काळ कसं उजाडेल?" अण्णा म्हणाले. "इकडे दे."

मी कंट्रोलर त्यांच्या हाती दिला. बोटे थरथरत होती. लिंक जागच्या जागी दोनदा फिरला, एकदा आकाशाकडे आणि एकदा स्वतःच्या बुटांकडे बघून अखेर पूर्वेला तोंड करून स्थिर झाला.

"इथला अख्खा दिवस आपल्या २४ मिनिटांचा असतो," मी सांगितले. "पहाट व्हायला पाचेक मिनिटं लागतील."

"मग थांबू की पाच मिनिटं."

आम्ही थांबलो. पडद्यावर नुसता वारा होता. स्वयंपाकघरात भांडी विसळल्याचा आवाज येत होता. हळूहळू डोंगरांच्या कडा उजळल्या, मग दरीतली नदी दिसू लागली.

"त्या दिवशी मुक्काम केला असता, तर सुवेळा माचीवरून असाच दाखवला असता तुला," अण्णा म्हणाले. एवढी वर्षे तेही तो दिवस विसरले नव्हते. मी काही म्हणण्यापूर्वी त्यांनी कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला आणि पाय चोळत विचारले, "त्या पलीकडच्या बर्फात जायचंय. उद्या येतोस?"

"येतो," मी म्हणालो.

भूगोलाच्या प्राध्यापकांना खरे काय ते सांगायचे अजून राहिलेच आहे. कुठे गेला होतात, असे त्यांनी विचारले म्हणून मला खोटे बोलावे लागले. कोणाबरोबर गेला होतात, असे विचारले असते, तर खरे उत्तर माझ्यापाशी होते.