समुद्राच्या शिवारात

सुगी आटोपली, धान्य घरात आले, म्हणजे चार दिवस कुठे तरी जाऊन यावे असे घरातल्या पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांनाच वाटते. पंढरपूर, जोतिबा, तुळजापूर ही आपली नेहमीची ठिकाणे. अलीकडे मात्र देशावरच्या पुष्कळ गावांतून गाड्या भरभरून मंडळी कोकणात उतरतात, मालवणला जातात, सिंधुदुर्ग किल्ला पाहतात आणि किनाऱ्यावर पाय ओले करून परततात. वाचकहो, यंदा तुम्ही जाणार असाल तर एक सुचवावेसे वाटते. समुद्र काठावरून पाहिलात, तसा थोडा आतूनही पाहा. मात्र पाहुण्याने परक्याच्या शिवारात जसे बांधाबांधाने जावे, तसे जा. वाट दाखवणारा सोबत घ्या आणि उभ्या पिकात पाय घालू नका.

मालवणला जाणे अवघड नाही. कोल्हापूरकडून गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट उतरला की कणकवली लागते, आणि तिथून मालवणची एस.टी. मिळते. रेल्वेने येणाऱ्यांनी कुडाळला उतरावे. मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याचे काम सुरू केले. त्या वेळी किनाऱ्यावरच्या ज्या खडकाशी पूजा झाली, त्याला आजही 'मोरयाचा धोंडा' म्हणतात. किल्ल्याचा विस्तार सुमारे ४८ एकर. भोवती खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! विहीर खणताना ज्यांनी खारे पाणी लागलेले सोसले आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको. पावसाचे पाणी बेटाच्या पोटात मुरते, आणि गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्यामुळे ते वर टिकून राहते.

किल्ला पाहून बहुतेक मंडळी परत फिरतात. खरे नवल मात्र तटाबाहेर, पुरुष-दोन पुरुष पाण्याखाली आहे.

पाण्याखालचे पीक

स्नॉर्केलिंग हा शब्द ऐकून बिचकू नका. डोळ्यांवर व नाकावर घट्ट बसणारा काचेचा चष्मा आणि तोंडात धरायची वाकडी नळी, एवढेच त्याचे साहित्य. अंगात तरंगते जाकीट घालून पाण्यावर पालथे पडायचे, तोंड पाण्यात ठेवायचे आणि नळीने सावकाश श्वास घ्यायचा. बुडी मारायची नसते. पहिली दोन मिनिटे जीव घाबरतो, नळीत पाणी जाईल असे वाटते. त्यासाठी वाटाड्या आधी कमरेएवढ्या पाण्यात सराव करून घेतो. तो करून घेत नसेल, तर तुम्ही मागून घ्या. श्वासाची लय एकदा जमली की खालचे सारे स्वच्छ दिसू लागते.

काय दिसते? खडकावर जागोजागी गोल, सुरकुतलेले, पिवळट-तपकिरी गोळे दिसतात. ही पोवळी. माणसाला वाटते, हे दगडच आहेत. पण ते दगड नव्हेत. मोहरीएवढ्या-ज्वारीएवढ्या असंख्य जिवांची ती वस्ती असते. हे जीव पाण्यातला चुना घेऊन आपल्याभोवती घर बांधतात. त्या घरांच्या कपारींत चट्टेरी-पट्टेरी मासे, खेकडे, तारामासे आसरा घेतात.

शेतकऱ्याने विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट पुढे आहे. भुईमुगाचे रोप उपटून मुळाशी पाहिले तर लहान लहान गाठी दिसतात. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरून रोपाला देतात आणि रोप त्यांना अन्न देते. पोवळ्याचा संसारही असाच भागीदारीचा आहे. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे शेवाळ राहते. पोवळे त्याला घर देते. ते शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा पोवळ्याला देते. पोवळ्याचा रंगही बराचसा त्या शेवाळाचाच. म्हणून पोवळ्याला पिकासारखे ऊन लागते, आणि त्यासाठी पाणी नितळ लागते.

पाणी नेहमीपेक्षा फार तापले तर ही भागीदारी मोडते. शेवाळ निघून जाते आणि पोवळे पांढरे पडते. थोड्या दिवसांत पाणी निवले तर ते सावरते, नाही तर उपाशी मरते. २०१४ ते २०१७ या काळात जगभरच्या समुद्रांत असे घडले, आणि मालवणच्या पोवळ्यांनाही त्याची झळ लागली.

आता त्याच्या वाढीचा वेग ऐका. असे गोलसर पोवळे वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते, कित्येकदा त्याहूनही कमी. म्हणजे हातभर रुंदीचा गोळा दिसला, तर तो निदान वीस-पंचवीस वर्षांचा, आपल्या भरात आलेल्या हापूसच्या कलमाएवढा समजा. दमलेला पाहुणा त्यावर क्षणभर उभा राहिला की वरची जिवंत साल चेचली जाते. होडीचा नांगर त्यावर पडला तर गोळाच फुटतो. एकट्याच्या पायाने काय होणार, असे म्हणू नका. पायवाट एकाच्या पायाने पडत नाही. पण एकदा पडली की तिथे गवत उगवत नाही.

याच कारणाने १९८७ साली मालवणचा सागरी परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. रापण ओढून पोट भरणाऱ्या कोळी-गाबीत मंडळींना तेव्हा धास्ती वाटली, की आपली मासेमारीच बंद होईल. त्यांचा विरोध झाला, आणि तो समजण्यासारखाही होता. पुढे २०११ नंतर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने जिल्ह्यात किनाऱ्याच्या रक्षणाचा प्रकल्प चालला. त्यात स्थानिक तरुणांना पाण्याखालची वाट दाखवण्याचे शिक्षण मिळाले. जिवंत पोवळे मेलेल्या पोवळ्यापेक्षा जास्त रोजगार देते, हे आता तिथल्या पोरांना पटले आहे. पोवळे तोडणे वा घरी आणणे हा २००१ पासून वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

पाकोळीची गुहा

मालवणच्या दक्षिणेला निवती आणि पुढे वेंगुर्ले. त्यांच्या समोर भर समुद्रात काही उघडेबोडके खडकाळ बेट आहेत. त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, आणि तिथे दीपगृहही आहे. त्या खडकात समुद्राने कोरलेली गुहा आहे.

समुद्र गुहा कशी कोरतो, हे ज्याचा बांध फुटला आहे त्याला चटकन कळेल. पाणी बांधाची कच्ची जागा शोधते, तिथे झिरपते आणि मग भोक मोठे करत नेते. समुद्रही खडकाची चीर शोधतो. लाट आत शिरली की चिरेतली हवा दाबली जाते, आणि लाट ओसरली की ती झटक्याने सुटते. वाळू आणि गोटे वर घासत असतातच. अशी हजारो वर्षे गेली की चिरेची गुहा होते.

या गुहेत पाकोळ्यांची वसाहत आहे. चिमणीएवढा हा काळपट पक्षी आपल्या लाळेत गवत, शेवाळ मिसळून खडकाला वाटीसारखे घरटे चिकटवतो. गुहेच्या अंधारात तो तोंडाने टकटक असा आवाज काढतो आणि प्रतिध्वनी ऐकून वाट काढतो. दिवसभर तो हवेतच उडत किडे टिपतो, म्हणजे आपल्या शिवाराचा तो बिनपगारी राखणदारच. पण पूर्वेकडच्या देशांत या लाळेच्या घरट्यांचे सूप महाग विकते. त्या लोभाने इथली घरटीही चोरून खरवडली गेली. पिल्ले उडण्याआधी घरटे खरवडले, तर वसाहत बसणार कशी?

म्हणून होडीवाल्याने लांबूनच गुहेचे तोंड दाखवले तर नाराज होऊ नका, आणि आत नेण्याचा हट्ट धरू नका. तसा हट्ट तुमच्याही जिवावर येऊ शकतो. कुठल्याही समुद्री गुहेत बाहेर शांत वाटणारी लाट अरुंद जागेत एकदम उसळते आणि माणसाला छतावर किंवा कडेच्या खडकावर आपटते. भरती चढू लागली की ज्या वाटेने आत गेलो, तीच वाट बुजते. आत जायचे की नाही, हे त्या दिवशीचा समुद्र पाहून तिथला जाणता माणूसच ठरवू शकतो.

फळीवर उभे राहून

तरण्या मुलांना आणखी एक खेळ आवडेल. लांबरुंद फळीवर उभे राहून एकाच वल्ह्याने ती हाकायची. याला पॅडलबोर्डिंग म्हणतात. भर समुद्रापेक्षा खाडीच्या संथ पाण्यात हे शिकावे. आधी गुडघ्यांवर बसावे, फळी स्थिर झाली की मधोमध पाय ठेवून उठावे आणि नजर पायांकडे नव्हे, समोर ठेवावी. पाभरीवर उभा राहिलेला पोरगा जसा गुडघे सैल ठेवून तोल सांभाळतो, तसेच हे आहे. फळीची दोरी पायाला बांधलेली असते, ती सोडू नये; पडलात तरी फळी हाताशी राहते.

वेळ साधावी सकाळची. शाळेत आपण मतलई आणि खारे वारे शिकलो. रात्रीपासून जमिनीवरून वाहणारा मतलई वारा सकाळी मंदावतो आणि पाणी निवांत असते. दुपारी खारा वारा सुटला की लाटा वाढतात आणि पाणी गढूळ होते. मात्र सकाळीही वारा समुद्राकडे वाहत असेल, तर फळी घेऊन किनारा सोडू नये.

पंचांग घरी असतेच, तेही उघडून पाहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे ओढ कमी. कोळ्यांचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. थोडाफार फरक पडतो, पण अंदाजाला हा हिशेब पुरेसा आहे. नक्की वेळ होडीवाल्याला विचारावी.

जिवाची काळजी

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचे प्राण गेले. सहलीला निघालेल्या माणसांच्या घरी अशी बातमी जाऊ नये, म्हणून पुढील गोष्टी घरातल्या कर्त्या माणसाने स्वतः पाहाव्यात.

होडीत पाय टाकण्यापूर्वीच जाकीट अंगात चढवून त्याचे पट्टे आवळावेत. ते मांडीवर किंवा बाकाखाली असून उपयोग नाही. मुलांना मुलांच्याच मापाचे जाकीट मागावे. होडीत ठरल्यापेक्षा जास्त माणसे भरली जात असतील तर दुसरी होडी पाहावी. चार पैशांसाठी वाद घालत बसू नये. विहिरीत पोहणारा गडी समुद्रात पोहेलच असे नाही, कारण विहिरीला ओढ नसते. दम्याचा, हृदयविकाराचा वा फिट्सचा त्रास असलेल्यांनी काठावरून गंमत पाहावी. पोटात दारू असलेल्या माणसाला पाण्यात सोडूच नये, मग तो पाहुणा असो की पाव्हण्याचा पाव्हणा.

भगिनींनीही पाण्यात जरूर उतरावे. फक्त साडी नेसून उतरू नये. भिजलेली साडी जड होते आणि पायांत गुंतते. अंगभर सलवार-कमीज चालते, आणि त्याने पाठ उन्हाने भाजत नाही. पावसाळ्याचे तीन-चार महिने हे सगळे खेळ बंद असतात. त्या दिवसांत कोणी "चला, नेतो" म्हणाला तर त्याच्याबरोबर जाऊ नये.

आणि हो, मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव, बिस्किटे टाकू नका. वाटाड्या टाकू लागला तर नको म्हणा. ते त्यांचे अन्न नव्हे.

शेवटी एक गोष्ट शेतीखात्यातला माणूस म्हणून सांगतो. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि सह्याद्री ते समुद्र हे अंतर थोडे. डोंगरउतारावर झाडी तोडून जमीन उघडी पडली, की तिची माती पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला, ओढ्यातून कर्लीसारख्या नदीला आणि देवबागशी समुद्राला मिळते. ती माती पाण्यात तरंगते, ऊन अडवते आणि पोवळ्यावर बसते. कोकणातल्या बागायतदाराने उताराला आडवे चर काढले, बांधावर गवत राखले, खाडीकाठची कांदळवने तोडली नाहीत, तर त्याची माती त्याच्या कलमांखाली राहते आणि समुद्राचे पाणी नितळ राहते. देशावरच्या आपल्या नद्या पूर्वेच्या समुद्राला मिळतात, पण तिथेही मासे आहेत, कोळी आहेत आणि त्यांची पोरेबाळे आहेत.

तेव्हा यंदा जाल तेव्हा मुलांना नुसती होडीची फेरी मारून आणू नका. त्यांच्या डोळ्यांना तो चष्मा लावा, वाटाड्याचा हात धरू द्या आणि पाण्याखाली पाहू द्या. घरी परतल्यावर भुईमुगाचे एक रोप उपटून त्यांच्या हातात द्या आणि मुळावरच्या गाठी दाखवा. समुद्रात काय पाहिले, ते त्यांना तेव्हा आणखी नीट उमगेल.