वडीलधाऱ्यांचे कान

घरातील वडील माणसास ऐकू येईनासे झाले की काही मंडळी वयास बोल लावून स्वस्थ बसतात, तर काही तेलाची बाटली पुढे करतात. दोहोंतही थोडे तथ्य आहे. परंतु तेवढ्याने आपले कर्तव्य संपले असे मानणे आम्हांस बरोबर वाटत नाही.

तेलाचा उपाय शास्त्रास सोडून नाही. चरकाने सूत्रस्थानाच्या 5 व्या अध्यायात नित्य कर्णतर्पण करणारास वातज कर्णरोग व बहिरेपण होत नाही, असे म्हटले आहे. सुश्रुताने उत्तरतंत्रात कानाचे 28 विकार मोजले असून बहिरेपणावर बेलफळ गोमूत्रात वाटून सिद्ध केलेले तेल सांगितले आहे. पण त्याच परंपरेतील माधवनिदान वृद्धपणी आलेले व फार दिवसांचे बहिरेपण असाध्य ठरविते. तेलाची महती गाणारे या वचनाचा उच्चार सहसा करीत नाहीत!

त्याचे कारण आज कळले आहे. अंतःकर्णात सुमारे 15 हजार सूक्ष्म केशपेशी असतात. वयाने वा गोंगाटाने त्या मेल्या की मनुष्यात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. आणि कानाचा पडदा शाबूत असता वरून घातलेले तेल तेथवर पोचतच नाही. पडदा फुटला असेल वा कान वाहत असेल तर तेच तेल अपाय करते. घट्ट मळ तेलाने मऊ होतो, हा गुण मात्र खरा. म्हणून आधी कान तपासून घ्यावा.

इस्लामपुरास, ज्यास आता ईश्वरपूर म्हणतात, आमच्या थोरल्या काकू राहतात. घर भरलेले, जेवणाच्या वेळी दहा तोंडे एकदम बोलणारी. काकू हळूहळू त्या बोलण्यातून उठून देवघरात जपमाळ घेऊन बसू लागल्या. कोणास ते वैराग्य वाटले, कोणास हेकटपणा. वस्तुतः या वयात आधी उंच स्वर हरपतात. स, श, फ, थ ही व्यंजने आणि बायकामुलांचे आवाज अस्पष्ट होतात. हाक ऐकू येते, बोलणे उमजत नाही. ओरडल्याने आवाज वाढतो, शब्द स्पष्ट होत नाही. वर ऐकणारास राग तेवढा ऐकू येतो.

तपासणीनंतर काकूंनी श्रवणयंत्र घेतले. पहिले काही आठवडे भांड्यांचा खणखणाटही त्यांस असह्य होई; सवय व्हावयास दोन महिने लागले. घरानेही नेम केला: समोर उजेडात बसावे, दूरदर्शन बंद करावे, एकाने सावकाश बोलावे, न कळल्यास तेच वाक्य निराळ्या शब्दांत सांगावे. आता काकूंस सगळे ऐकू येते असे नाही. पण लग्नकार्याची बोलणी चालली असता त्यांचे मत विचारले जाते, आणि त्या ते देतात.

2024 साली लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या 14 कारणांत श्रवणहानीची गणना केली आहे. तेव्हा प्रश्न केवळ कानांचा नाही. ज्या माणसाने घराचा संसार चालविला त्यास त्याच घरात परके होऊ द्यावयाचे की नाही, हे प्रत्येक कुटुंबाने ठरवावयाचे आहे. तेल घालण्यास क्षणभर पुरतो. समोर बसून बोलण्यास सवड काढावी लागते, आणि ती घरच्यांवाचून कोण काढणार?